पाना आणि पक्कड

९ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार तुला कधीच आवडला नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. पाकिटावर ग्रीसचा अंगठा उमटलेला होता, त्यामुळे पाठवणाऱ्याचं नाव वाचायची गरजच पडली नाही. इकडे सगळे बरे आहोत. हिचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण त्याहून जास्त ही कुरकुरते. माझं गाडी शिकवणं चालू आहे. सध्या एक निवृत्त हेडमास्तर शिकायला येतात. वळणावर हॉर्न वाजवायला लागले की समोरच्याला शिस्त लागेपर्यंत थांबत नाहीत. माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असतो आणि त्यांच्या तासाला माझा पाय त्यावरून उठत नाही. ही म्हणते, ड्रम सुटला, पण पाय काही सुटला नाही.

गॅरेज जोरात चालू आहे हे वाचून बरं वाटलं. परवा एक गिऱ्हाईक भेटलं होतं. म्हणालं, "तुमच्या ताईंनी बॉनेटवर नुसता तळहात ठेवला आणि सांगितलं, तिसरा प्लग गेलाय. आम्ही तीन मेकॅनिक पालथे घातले होते!" मी म्हटलं, आमच्या बाबांची मुलगी आहे ती.

आता तुझ्या कामाचं. कंपनी आपली पहिली रेकॉर्ड पुन्हा काढते आहे आणि आत चार पानं मजकूर हवा आहे, तो तू माझ्यावर ढकललास. कारण काय, तर तुला दोन ओळींच्या वर लिहिलं की यमक जुळवावंसं वाटतं. ठीक आहे, लिहितो. काय काय घालणार ते आधी सांगतो, चुकेल ते खोड.

सुरुवात आचारीकाकांपासून करतो. गॅरेजच्या वरच्या खोलीत राहणारा माणूस, बावीस वर्षं बोटीवर स्वयंपाक केलेला. लोक परदेशातून घड्याळं नि अत्तरं आणायचे, यांनी दोन ट्रंका भरून रेकॉर्डी आणल्या. एक माणूस, एक गिटार, आणि पायानं फळीवर धरलेला ठेका. बाबा गाडीखालून ओरडले होते, "अहो, हा गातोय की रडतोय?" काका जिन्यावरून म्हणाले, "दोन्ही. रडणं तालात आलं की त्याला ब्लूज म्हणतात." तू तेव्हा चौदा वर्षांची आणि मी अकराचा. तू हातातला पाना तसाच घेऊन जिना चढलीस आणि संध्याकाळपर्यंत खाली आली नाहीस.

मग दुसरी ट्रंक. त्यात त्याच गाण्यांची वांड नातवंडं होती. तीन-चार पोरं, बंद गॅरेजात, स्पीकर फाटेपर्यंत आवाज. काका ती रेकॉर्ड लावताना कानात कापूस घालायचे. तू म्हणालीस, "यांचं गॅरेज आहे, आपलंही आहे. मग अडलंय कुठं?"

अडलं होतं सगळंच. तुझ्या गिटारची मान मोडकी, ती बाबांनी पट्टी मारून बोल्टानं आवळली. तारेवर घसरवायला काचेची नळी हवी होती, तू गोटीपान्याची तेरा नंबरची पोकळ लोखंडी गोटी करंगळीत घातलीस. माझा मोठा ड्रम एका मोडलेल्या बँडपार्टीच्या भंगारातला, बाकीचे ऑइलचे डबे. बाबा आपल्याला लहानपणापासून पाना आणि पक्कड म्हणायचे, कारण एक हाक मारली की दोघं हजर. तेच नाव लावलं.

पहिली रेकॉर्ड शटर खाली ओढून दोन दिवसांत केली. तिसऱ्या गाण्यात मध्येच कॉम्प्रेसर सुरू झाला, तू थांबली नाहीस, उलट त्याच्या घरघरीत सूर मिसळलास. पेपरवाल्यांनी लिहिलं की हा एक धाडसी प्रयोग आहे. बाबांनी ते कात्रण कॉम्प्रेसरवरच चिकटवलं.

नंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. व्हॅन, हॉल, दुसरी रेकॉर्ड. मोठ्या स्टुडिओतला तो चष्मेवाला म्हणाला होता, "गाणी छान आहेत, पण खाली बास गिटार घालू या, पोकळ वाटतंय." तू म्हणालीस, "ती पोकळी आमचीच आहे. तिच्यातच तर आम्ही राहतो." हे वाक्य मी जसंच्या तसं घालणार. मग तिसरी रेकॉर्ड, बक्षीस, आणि एक्केचाळीस कार्यक्रमांचा तो मोठा दौरा. शेवट असा करतो: "एकोणतिसाव्या कार्यक्रमात ताईचे कान अचानक गेले आणि जोडी थांबली." जास्त रडगाणं नको.

तुझ्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल काय लिहू? असलं काही मनात आणू नकोस. तुझा काही दोष नाही.

हेडमास्तर आले, हॉर्न ऐकू येतोय. थांबतो.

तुझा,
पक्कड


१७ फेब्रुवारी

ताई,

मागचं पत्र टाकलं आणि पेटीजवळच उभा राहिलो. हात आत जात असता तर परत काढून घेतलं असतं.

तुझा शेवटचा परिच्छेद माझ्यासमोर आहे. तू लिहिलंस: "तपासणीनंतरही महिनाभर कानात शिट्टी वाजत होती. तुलाही बोलले नाही, पुन्हा डॉक्टरकडेही गेले नाही. रिपोर्ट चांगला आलाय या घमेंडीत राहिले. माझ्या हट्टापायी दौरा बुडाला आणि ऐन भरात तुझं वाजवणं थांबलं. अकरा वर्षं हे सांगायचं होतं. जमलं तर माफ कर."

मी उत्तरात लिहिलं, तुझा काही दोष नाही. ते खरंच आहे. पण ज्या अर्थानं तू ते वाचशील, त्या अर्थानं नाही. म्हणून हे दुसरं पत्र. मोबाइलवर मेसेज करताना आपण 'पोचलो' आणि 'जेवलीस का' याच्या पुढे जात नाही, आणि समोर येऊन बोलायचं तर तू माझे ओठ वाचणार. ते धड हलणार नाहीत.

रिपोर्ट चांगला नव्हता.

दौऱ्याच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. तू म्हणालीस, डावा कान भरल्यासारखा वाटतो. माझ्या ते आधीच लक्षात आलं होतं. तू माझ्याकडे वळताना उजवा कान पुढे करायला लागली होतीस. चौथ्या मात्रेवर यायचीस ती किंचित उशिरा. मी काय केलं, तर जास्त जोरात वाजवायला लागलो. तपासणी मीच करायला लावली, तेवढं पुण्य माझ्या नावावर आहे. दोन दिवसांनी रिपोर्ट आणायला गेलो. दवाखान्याच्या वासानं तुला मळमळतं म्हणून तू व्हॅनमध्ये बसून तारा बदलत होतीस. मी एकटाच वर गेलो.

कानाच्या डॉक्टर पोक्त बाई होत्या. कागदावरची उतरती रेघ पेन्सिलीनं दाखवत म्हणाल्या, "डावीकडचं ऐकणं निम्म्यावर आलंय. उजवा त्याच वाटेवर आहे. बहीण करतात काय?"

मी सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"सहा महिने मोठा आवाज पूर्ण बंद. मग पुन्हा तपासू. बंद केला तर आहे ते बरंचसं टिकेल. नाही केला, तर काय राहील ते मी सांगू शकत नाही."

"पुढच्या महिन्यात दौरा आहे आमचा."

"म्हणूनच त्यांच्याशी मला स्वतः बोलायचंय. खाली आहेत ना? घेऊन या वर."

मी "हो" म्हणालो आणि जिना उतरलो. व्हॅनच्या दारात तू पाय बाहेर सोडून बसली होतीस, तोंडात तारेचा तुकडा. तू विचारलंस, "काय म्हणाल्या?"

मी म्हणालो, "ठणठणीत. कानात मळ फार आहे म्हणाल्या. बाबांकडून पिचकारी मारून घे."

तू इतकी हसलीस की तारेचा तुकडा तोंडातून उडाला. मीही हसलो. मग मी गाडी सुरू केली. वर खिडकीत त्या डॉक्टर उभ्या होत्या का, ते मी पाहिलं नाही. पाहायचं नाही म्हणूनच मान वळवली नाही.

का केलं, हे तुला विचारायचा हक्क आहे. मी स्वतःला सोपी उत्तरं खूप देऊन पाहिली. तारखा ठरल्या होत्या, माणसं नेमली होती, तुझंच स्वप्न होतं, तुला सांगितलं असतं तरी तू ऐकलं नसतंस. शेवटचं उत्तर मला सगळ्यांत आवडायचं. पण खरी गोष्ट फार लहान आहे, ताई. त्या आठवड्यात एका पेपरनं पहिल्यांदा माझ्याबद्दल लिहिलं होतं. इतकी वर्षं मी 'गायिकेचा भाऊ' होतो. एकानं तर लिहिलं होतं, हा खोकी ठोकल्यासारखा वाजवतो. आणि आता लिहून आलं, 'या आवाजाचा कणा ड्रममध्ये आहे.' ते कात्रण माझ्या खिशात होतं. रिपोर्टही मी त्याच खिशात घातला. मला वाटलं, एकच दौरा. तेवढं लोकांना ऐकू दे, मग सांगू.

पहिल्या कार्यक्रमानंतर सांगायचं ठरवलं. मग पाचव्या. मग दहाव्या. दर वेळी तू खुशीत असायचीस, किंवा दमलेली. माणसाला गप्पच बसायचं असलं की कारणांना तोटा नसतो. तुझा स्पीकर मी तुझ्यापासून लांब, माझ्या बाजूला सरकवायला लागलो. तू विचारलंस तर म्हणालो, मला तुझी गिटार नीट ऐकू येत नाही. तू बिचारी आवाज आणखी वाढवलास. माझ्यासाठी.

एकोणतिसावा कार्यक्रम. मैदानावर, भर दुपारी चार वाजता, ऊन थेट डोळ्यांत. चौथ्या गाण्यात तुझी गिटार एका पट्टीत आणि गळा दुसऱ्याच पट्टीत गेला. लोकांना वाटलं, हे मुद्दामच आहे, त्यांनी टाळ्या दिल्या. तू माझ्याकडे वळून पाहिलंस. तो चेहरा मी अजून कुणाला सांगितलेला नाही. तू गिटार उतरवलीस, चालत आलीस, माझ्या मोठ्या ड्रमच्या कातड्यावर तळहात टेकवलास आणि म्हणालीस, "वाजव."

मी वाजवला.

तू म्हणालीस, "येतंय. पण हातातच येतंय."

त्या क्षणी सगळ्या मैदानात एकटा मीच होतो ज्याला आश्चर्य वाटलं नाही. 'अचानक' हा शब्द लिहिताना मागच्या पत्रात माझा हात अडला नाही, याची मला जास्त लाज वाटते.

आणि त्यानंतर जे झालं ते तर त्याहून वाईट. दुसऱ्या दोन बँडनी मला बोलावलं. मी नाही म्हणालो. सगळे म्हणाले, काय भाऊ आहे, बहिणीसाठी हातातल्या काड्या खाली ठेवल्या. बाबाही म्हणाले. मी ऐकून घेतलं. गुन्हा त्याग म्हणून मिरवला, अकरा वर्षं. आणि तू तिकडे गॅरेजात स्वतःला दोष देत बसलीस आणि शेवटी माझीच माफी मागितलीस.

रिपोर्ट सोबत जोडला आहे. घड्यांवर फाटलाय, पण रेघ दिसते.

हिला काल सांगितलं. तिनं माझं ताट वाढून ठेवलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.

मी माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि ते पुन्हा तुझ्याकडून काहीतरी उकळल्यासारखं होईल. तू मला जे म्हणायचं ते म्हण. काहीच म्हणायचं नसेल तर तसं.

कसं संपवावं कळत नाही.

तुझा,
(पुढे काय लिहायचं ते तू ठरव)


५ मार्च

धाकट्यास,

तुझं पत्र येऊन तेरा दिवस झाले. तीनदा उत्तर लिहिलं आणि तिन्ही भट्टीत घातली. हे चौथं.

पहिल्या वाचनाला राग आला नाही, त्याचीच भीती वाटली. वाचलं, घडी केली आणि एका टेम्पोचा गिअरबॉक्स उतरवला. तो पुन्हा बसवायला घेतला तेव्हा दोन नट जास्त उरले. माझ्या हातून असं कधी झालेलं नाही. मग मी गिऱ्हाइकाला उद्या या म्हटलं, शटर ओढलं आणि ओरडले. किती मोठ्यानं ते मला कळत नाही, पण समोरचा पंक्चरवाला धावत आला. त्याला खुणेनं सांगितलं, पायावर जॅक पडला.

तो पिचकारीचा विनोद मी लोकांना सांगत आले आहे, माहीत आहे? माझा भाऊ किती गमत्या, म्हणून.

तू लिहिलंस, 'तुला सांगितलं असतं तरी तू ऐकलं नसतंस' हे तुझं आवडतं उत्तर होतं. ते खरंही असेल. मी चोवीस तास विचार केला आणि छातीवर हात ठेवून सांगते, बहुतेक मी गेलेच असते. तेवढी अक्कल मला तेव्हा नव्हती. पण मग जाणूनबुजून गेले असते, आणि सगळा फरक तिथंच आहे. कान जाणार आहेत हे ज्याला माहीत असतं, तो माणूस वेगळं ऐकतो. मी त्या महिन्यात घरी फोन केला नव्हता. बाबा दर रविवारी करायचे, मी म्हणायचे, घाईत आहे, नंतर बोलते. माहीत असतं तर मी तासभर बोलतं ठेवलं असतं त्यांना. कार्ब्युरेटरबद्दल का होईना. पुढची दोन वर्षं बाबा माझ्यासमोर होते आणि मी त्यांचे ओठ बघत होते. मिशीमुळे निम्मं कळायचं नाही. माझ्यासाठी त्यांनी मिशी काढली शेवटी, आठवतं? त्यांचा आवाज मला आता आठवत नाही. गिटारचा आठवतो, तुझ्या ड्रमचाही आठवतो. त्यांचा नाही.

हे तू माझं घेतलंस. दौरा नाही, कान नाहीत, बक्षिसंही नाहीत. कान तसेही गेले असते कदाचित. निरोप घेणं घेतलंस.

आता बाकीचं. माझं माफीचं वाक्य मी परत घेते, ते चुकीच्या पत्त्यावर गेलं होतं. चार पानांत 'अचानक' हा शब्द राहता कामा नये. त्या जागी काय लिहायचं ते तू लिही, मी खोडणार नाही. लाज वाटली तरी लिही. आचारीकाकांचं बरोबर आहे, फक्त त्यांच्या ट्रंका तीन होत्या. तिसरीत नुसते मसाल्यांचे रिकामे डबे होते, त्यातलेच पहिले दोन तू ड्रम म्हणून बडवलेस. ते घाल.

तू वाईट वाजवत नव्हतास. खोकी ठोकल्यासारखा तर कधीच नाही. कणा ड्रममध्ये आहे हे मला पेपरच्या आधी माहीत होतं. एवढंच तुला माझ्या तोंडून ऐकायचं होतं तर विचारायचंस, रे. मला सुचलं नाही हे माझं चुकलं, आणि हे एवढंच माझं चुकलं.

सध्या येऊ नकोस. तुला समोर पाहिलं तर मी एक तर मारीन नाही तर जेवायला वाढीन, आणि दोन्ही मला आत्ता नकोय. पत्र मात्र पाठवत राहा. त्या हेडमास्तरांना परवाना मिळाला का ते लिही. तुझ्या बायकोला म्हणावं, गुडघ्याला शेक दे आणि तुझ्याशी बोलायला लाग. आम्ही दोघींनीही अबोला धरला तर तू ब्रेकवर पाय ठेवून नुसता बसशील.

आशीर्वाद या वेळी लिहवत नाही. जागा तेवढी सोडली आहे.

तुझी (त्याला इलाज नाही),
ताई